निळ्या गोळीचा धडा पुस्तकात नाही

सोमवारी मधल्या सुट्टीनंतर आमच्या शाळेत निळ्या गोळ्या वाटतात. लोह आणि फॉलिक ॲसिडच्या. पोरं रांगेत उभी राहतात, वर्गशिक्षक यादीत खूण करतात आणि थोड्या वेळाने हात धुवायच्या मोरीत दोन-चार निळे ठिपके विरघळताना दिसतात. कुणाला मळमळतं, कुणाला काळी शी होते म्हणून घरचे नको म्हणतात, आणि मुलगे तर 'ही मुलींची गोळी' म्हणून खिशातच ठेवतात. त्याच दिवशी, त्याच मुलांना मी दहावीचं पेशीविभाजन शिकवते. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. फळ्यावर जे चाललंय त्याचाच कच्चा माल पोरांच्या मुठीत आहे, हे माझ्या स्वतःच्या ध्यानात यायला बरीच वर्षं गेली. हा दोष पुस्तकावर ढकलून मोकळं होता येणार नाही. पण थोडा पुस्तकाचाही आहे.

राज्य मंडळाच्या पुस्तकांत या विषयाची वाटणी कशी झालीय ते बघा. मेंदू नववीत. पेशीविभाजन दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये दुसऱ्या प्रकरणात. मूलपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून निरनिराळ्या प्रकारच्या पेशी घडतात त्या, त्याच पुस्तकात आठव्या प्रकरणात, मध्ये पर्यावरण, हरित ऊर्जा, प्राण्यांचं वर्गीकरण आणि सूक्ष्मजीव ओलांडून गेल्यावर. नववीत मेंदू शिकलेलं मूल दहावीत मूलपेशींपर्यंत पोचतं तोवर प्रमस्तिष्क आणि अनुमस्तिष्क ही दोन नावं तेवढी त्याच्या डोक्यात उरलेली असतात. तिन्ही प्रकरणांचे गुण वेगळे, आकृत्या वेगळ्या, 'शास्त्रीय कारणे लिहा' वेगळी. या तिन्हींमधून जाणारा धागा कुणीच ओवत नाही, कारण तो विचारला जात नाही.

धागा हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. वॉल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने सॅलमँडरच्या अळीच्या पेशींना रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा त्याला विभाजनाच्या वेळी धाग्यांसारखं काहीतरी दिसलं. धाग्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून 1882 च्या सुमारास त्याने या प्रक्रियेला मायटोसिस म्हटलं. आपल्या परिभाषाकारांनी त्याचं 'सूत्री विभाजन' केलं, आणि इतकं चांगलं केलं की मूळ शब्दापेक्षा ते जास्त बोलतं. पण मी वर्गात विचारते, सूत्र म्हणजे काय? उत्तर येतं, 'फॉर्म्युला'. गणिताच्या तासाने शब्द पळवून नेलेला असतो.

तर ती गोळी. तिची गोष्ट मुंबईतून जाते आणि आमच्या पुस्तकात ती नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. 1928 मध्ये लुसी विल्स नावाची इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात एक विचित्र पंडुरोग होत होता. रक्तातल्या लाल पेशी कमी, पण ज्या होत्या त्या नेहमीपेक्षा मोठ्या. बायका दगावत होत्या. जंतू सापडेना. परळच्या हाफकिन संस्थेत तिने आधी उंदीर आणि मग माकडं यांच्यावर आहाराचे प्रयोग केले. फरक कशाने पडला? मार्माइटने. ब्रिटिश लोक पावाला फासतात तो काळा, खारट, यीस्टचा लगदा. यकृताचा अर्क महाग होता, हा स्वस्त होता आणि त्याने बायका बऱ्या होत होत्या. 1931 मध्ये तिने हे प्रसिद्ध केलं. लगद्यातला नेमका कुठला पदार्थ काम करतोय हे तिला माहीत नव्हतं आणि तिने तसं सांगितलंही. दहा वर्षांनी पालकाच्या पानांतून एक पदार्थ वेगळा काढला गेला, त्याला पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून फॉलिक ॲसिड हे नाव मिळालं, आणि विल्सचा 'तो घटक' कोणता ते पुढे उलगडलं.

आता खरा प्रश्न. पेशी मोठ्या का होत होत्या? विभागण्याआधी पेशीला आपल्या सगळ्या डीएनएची नक्कल करावी लागते. डीएनएची चार अक्षरं, त्यातलं एक थायमिन, आणि ते बनवायला फोलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडचंच नैसर्गिक रूप, लागतं. ते नसेल तर नक्कल अडते. पेशी वाढत राहते, फुगत राहते, पण दुभंगू शकत नाही. अस्थिमज्जेतल्या मूलपेशी आणि त्यांच्या वंशातल्या पेशी सेकंदाला सुमारे 20 लाख लाल रक्तपेशी तयार करत असतात. जिथे विभाजनाचा असा अखंड कारखाना चालू आहे, तिथे टंचाई सगळ्यात आधी जाणवणार. म्हणजे परळच्या त्या बाईच्या फिक्या जिभेत दहावीचं दुसरं प्रकरण आणि आठवं प्रकरण एकत्र होतं.

आणि नववीतला मेंदू? तोही इथेच आहे. गर्भात मेंदू आणि मज्जारज्जू सुरुवातीला एक सपाट पट्टी असते, ती दोन्ही कडांनी वर उचलली जाऊन नळीसारखी मिटते. गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत हे काम उरकलेलं असतं, म्हणजे बऱ्याचदा बाईला दिवस गेल्याचं कळायच्याही आधी. या काळात पेशी भराभर विभागत असतात आणि फोलेट कमी असेल तर नळी नीट न मिटण्याचा धोका वाढतो. आधी असं मूल झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड दिलं तर पुन्हा तसं होण्याचा धोका 72 टक्क्यांनी कमी होतो, हे ब्रिटनमधून चाललेल्या एका मोठ्या चाचणीने 1991 मध्ये दाखवलं. दिवस गेल्यावर डॉक्टरकडे जाऊन गोळी सुरू करणं या एका बाबतीत उशिराचं ठरतं. म्हणून शरीरात साठा आधीच असावा लागतो. आमच्या वर्गातल्या मुलीला हे कुणी सांगितलं तर ती मोरीत गोळी टाकताना निदान एकदा थांबेल. 'सरकारकडून आलीय, खा' हे कारण तिला पुरत नाही, आणि पुरू नये.

याच पदार्थाला उलटं वापरता येतं, हे सांगितल्यावर तर वर्ग एकदम शांत होतो. भीमावरमचा यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडरली कंपनीत काम करत होता. त्याच्या चमूने फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत बनवलं आणि नंतर त्याच्यासारखीच दिसणारी, पेशीला फसवणारी द्रव्यंही. त्यातलं एक बोस्टनच्या डॉक्टर सिडनी फार्बरने ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, झालेल्या 16 मुलांना दिलं. 10 मुलांत काही काळ सुधारणा दिसली. हे 1948 साली छापून आलं. जी पेशी बेताल विभागतेय तिचा कच्चा माल तोडायचा, एवढीच कल्पना. कॅन्सरचे बरेच उपचार आजही याच वाटेने जातात. केमोथेरपीत केस का गळतात, तोंड का येतं, रक्त का कमी होतं, याचं उत्तरही त्यातच आहे. शरीरात ज्या ज्या ठिकाणी पेशी वेगाने विभागतात तिथे औषध चावतं. घरात असा आजार पाहिलेलं एखादं मूल प्रत्येक वर्गात असतंच.

मला म्हणायचंय ते एवढंच की ही तीन प्रकरणं एका प्रश्नाभोवती शिकवली पाहिजेत. कुठली पेशी विभागते, कुठली थांबते आणि कुठली थांबल्यावर पुन्हा सुरू होऊ शकते. त्यासोबत, हे कसं कळलं आणि अजून काय कळलेलं नाही, हेही त्याच पानावर हवं. हे करायला नवा विषय लागत नाही. पण न केल्याची किंमत मोठी आहे आणि ती शाळेबाहेर वसूल होते.

कशी, ते सांगते. माझ्या एका विद्यार्थिनीची मोठी बहीण बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलीने वर्गात एक गुळगुळीत माहितीपत्रक आणलं. बाळाच्या नाळेचं रक्त साठवून ठेवा, पुढे कितीतरी आजारांत उपयोगी. मोठ्या कौतुकाने म्हणाली, 'बाई, हे आपल्या पुस्तकात आहे.' आणि खरंच आहे. मूलपेशी नाळेतून मिळतात, द्रवरूप नायट्रोजनमध्ये साठवतात, त्यांचे उपयोग अमुक अमुक. पुस्तकातल्या उपयोगांच्या यादीत मधुमेह, हृदयविकार, अल्झायमर, कंपवात आहेत आणि शेजारीच थॅलॅसेमिया, ल्युकेमिया. या दोन गटांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रक्ताच्या आजारांसाठी मूलपेशी बदलणं हा खरा, चालू उपचार आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण 1983 मध्ये झालं. पहिल्या गटासाठी मात्र अजून चाचण्याच चालू आहेत. जपानमध्ये क्योटोच्या संशोधकांनी कंपवाताच्या 7 रुग्णांच्या मेंदूत अशा पेशी घातल्या, त्याचे निष्कर्ष 2025 मध्ये आले. आशा वाटावी असे आहेत, पण सातच माणसं आहेत. पुस्तकाच्या यादीत हा फरक नाही. माहितीपत्रकात तर तो नसणारच, त्यांचा धंदाच त्यावर आहे.

मग आम्ही तिथेच फळ्यावर प्रश्न मांडला. समजा बाळाला थॅलॅसेमिया आहे. त्याच्या स्वतःच्या नाळेतल्या पेशी त्याला देऊन तो बरा होईल का? आधी सगळे 'हो' म्हणाले. मग मागच्या बाकावरचा एक जण, जो एरवी खिडकीतून बाहेर बघत असतो, म्हणाला, 'पण बाई, त्या पेशींत पण तेच जनुक असणार ना.' सूत्री विभाजनात प्रत्येक पेशीला तीच गुणसूत्रं मिळतात, हे तो पाठ करून बसला होता, त्याचा त्याने पहिल्यांदा उपयोग केला. 1988 मध्ये पॅरिसमध्ये नाळेच्या रक्ताचं जगातलं पहिलं प्रत्यारोपण झालं, तेही बहिणीच्या नाळेतून भावाला. स्वतःच्या भविष्यातल्या वापरासाठी नाळेचं रक्त जपण्याला शास्त्रीय आधार नाही, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलेलं आहे. त्या आधीची एक गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. 2007 मध्ये याच मार्गदर्शक तत्त्वांच्या शीर्षकात 'संशोधन आणि उपचार' असे दोन्ही शब्द होते. 2013 च्या आवृत्तीत 'उपचार' हा शब्द मुद्दाम काढून टाकला, कारण अजून तो उपचार झालेलाच नाही. देशाच्या सर्वोच्च संशोधन संस्थेने एक शब्द खोडला. ती खोडाखोड दहावीच्या पानापर्यंत यायला नको का?

आमच्या भाषेचाही यात थोडा हात आहे. 'मूलपेशी' म्हणजे मुळाशी असलेली पेशी. पण मराठी कानाला 'मूल' म्हटलं की लेकरू दिसतं. मुलाची पेशी, मुलासाठी जपलेली पेशी. जाहिरात लिहिणाऱ्याला याहून चांगला शब्द कुणी दिला नसता.

स्वमग्नता असलेल्या, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचे आईबाप मूलपेशींच्या उपचारासाठी काय काय विकतात आणि कुठे कुठे जातात, हे माझ्या ओळखीतल्या एका घरात मी पाहिलंय. दवाखान्याचं नाव घेत नाही. 'मेंदूतल्या मेलेल्या पेशी नव्या होतात' असं त्यांना सांगितलं होतं. कुठल्या पेशी मेल्या होत्या, नव्या पेशी कुठे जाऊन बसणार, बसल्यावर कुणाशी जोडल्या जाणार, हे प्रश्न विचारायचं त्यांना सुचलं नाही. वडील बीएस्सी आहेत.

मेंदूच्या बाबतीत तर शाळेत एक वाक्य मंत्रासारखं म्हणवून घेतलं जातं: चेतापेशी विभागत नाहीत. वाक्य बरोबर आहे, आणि तिथेच थांबल्यामुळे अपुरं आहे. पुढचा प्रश्न लगेच यायला हवा, मग मेंदूत गाठ कशी होते? उत्तर असं की मेंदूत चेतापेशींना आधार देणाऱ्या, त्यांची निगा राखणाऱ्या ग्लिया पेशीही असतात आणि त्या विभागू शकतात. मोठ्या माणसांच्या मेंदूतल्या बऱ्याच गाठी त्यांच्या किंवा मेंदूवरच्या आवरणांच्या असतात. लहान मुलांच्या अनुमस्तिष्कात, म्हणजे मेंदूच्या मागच्या खालच्या भागात, होणारी मेड्युलोब्लास्टोमा ही गाठ मेंदू घडत असतानाच्या, अजून पक्क्या न झालेल्या पेशींतून येते. 2024 च्या पावसाळ्यात पुण्यात झिकाचे रुग्ण सापडले आणि गरोदर बायकांच्या तपासण्यांची धावपळ झाली, तेव्हा मुलांनी विचारलं होतं की डास आईला चावला तर बाळाचं डोकं लहान का होतं. तो विषाणू गर्भाच्या मेंदूतल्या नेमक्या विभागणाऱ्या पेशींवर हल्ला करतो म्हणून. पेशीविभाजन, मूलपेशी आणि मेंदू एका डासाने जोडून दाखवले. तेव्हा मी दुसऱ्या प्रकरणावरच होते. सांगून टाकलं, तास वाया गेला असं एका सहकाऱ्याचं मत पडलं.

मोठेपणी मेंदूत नव्या चेतापेशी जन्मतात का, याचं उत्तर मात्र आजही वादात आहे, आणि माझ्या मते शाळेत शिकवावी अशी याहून चांगली गोष्ट जीवशास्त्रात क्वचितच सापडेल. स्पेनचा मेंदूशास्त्रज्ञ काहाल याने गेल्या शतकाच्या सुरुवातीला निकाल दिला होता की प्रौढ मेंदूत सगळं मरू शकतं, नवं काही उगवत नाही. 1962 मध्ये जोसेफ ऑल्टमनने उंदरांत नव्या पेशी दिसल्याचं सांगितलं, कुणी फारसं लक्ष दिलं नाही. 1998 मध्ये माणसाच्या मेंदूतही पुरावा मिळाल्याचं जाहीर झालं. मग 2013 मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांनी एक अफलातून युक्ती केली. 1963 च्या करारापर्यंत देश उघड्या आभाळात अणुबॉम्ब फोडत होते आणि त्यामुळे हवेत एका वेगळ्या जातीचा कार्बन वाढला होता. करारानंतर तो हळूहळू उतरत गेला. झाडांनी तो घेतला, आपण झाडं खाल्ली. पेशी ज्या वर्षी जन्मते त्या वर्षीच्या हवेची खूण तिच्या डीएनएत राहते. म्हणजे पेशीचा जन्मदाखलाच. त्यावरून त्यांनी हिशेब मांडला की स्मरणाशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागात, प्रत्येक बाजूला, रोज सुमारे 700 नव्या चेतापेशी तयार होतात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि 2018 मध्ये एक महिन्याच्या अंतराने दोन शोधनिबंध आले. सॅन फ्रान्सिस्कोचे म्हणाले, मोठ्या माणसात अशा पेशी आम्हाला सापडल्याच नाहीत. न्यूयॉर्कचे म्हणाले, म्हातारपणापर्यंत सापडतात.

'असं शिकवलं तर मुलं गोंधळतील' हा आक्षेप मी शिक्षक-बैठकांत इतक्यांदा ऐकलाय की तो आता मला इतिवृत्ताचाच भाग वाटतो. मुलं गोंधळत नाहीत, आपण गोंधळतो. माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रं असतात, हे आपण जणू आभाळातून पडल्यासारखं शिकवतो. 1953 मध्ये डीएनएची रचना कळली तेव्हा जगभरचे शास्त्रज्ञ 48 मानत होते! पुन्हा नीट मोजून 46 आले ते 1955 च्या शेवटी, स्वीडनमध्ये. मेंदूतल्या चेतापेशी 100 अब्ज हा आकडाही असाच पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हुझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूचं अक्षरशः सार करून त्यातली केंद्रकं मोजली आणि 2009 मध्ये सांगितलं, सुमारे 86 अब्ज. वर्गात हे सांगितल्यावर एका पोराने विचारलं, मग परीक्षेत काय लिहायचं? प्रश्न रास्त आहे.

खरी अडचण तिथे आहे. 40 गुणांचा पेपर, ठरलेले प्रश्न, तपासणाऱ्याच्या हातात ठरलेलं उत्तर. शिक्षकांच्या डोक्यावर सर्वेक्षणं, निवडणुका, ऑनलाइन नोंदी. त्यात 'विचार करायला लावा' असं वरून सांगणं सोपं असतं, म्हणून मी मोठं काही मागत नाही. मूलपेशींच्या उपयोगांची यादी दोन रकान्यांत छापा, चालू असलेले उपचार आणि चाचणीत असलेले. पेशीविभाजनाच्या प्रकरणात परळची गोष्ट घाला, अर्धं पान पुरे. सूत्री आणि अर्धगुणसूत्री विभाजनातला फरक दरवर्षी तक्त्यात लिहून घेण्याऐवजी एखाद्या वर्षी तीन गुणांचा असा प्रश्न विचारा ज्याचं उत्तर मार्गदर्शकात सापडणार नाही. नव्या धोरणानुसार पुस्तकं टप्प्याटप्प्याने बदलायला घेतलीच आहेत, तेव्हा हे करायला वेगळा मुहूर्त लागणार नाही.

मी तसा प्रश्न घटक चाचणीत विचारून पाहिला. फॉलिक ॲसिड कमी पडलं तर रक्तपेशी संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या का होतात? बऱ्याच जणांनी विभाजनाच्या चार अवस्था सुंदर आकृत्यांसह लिहून काढल्या, कारण तेवढंच येत होतं. एकीने लिहिलं, 'दुकानात कागदाचे गठ्ठे येत राहिले, पण झेरॉक्सची शाई संपली. म्हणून दुकान भरत गेलं आणि गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं.' तीनपैकी तीन दिले. पेपर पुन्हा तपासणाऱ्या सरांनी शेजारी पेन्सिलने लिहिलं, पृष्ठ क्रमांक?

सोमवारी मी अजूनही मोरीकडे एक चक्कर मारते. निळे ठिपके आहेत. कमी झालेत असं म्हणायचा मोह होतो, पण मी आधी कधी मोजलेले नव्हते.